राक्षसावर पांघरलेलं घोंगडं

खेळातल्या माझ्या माणसाकडे हत्यार नव्हतं, झगा होता. तो मी स्वतः निवडला होता. निवडताना त्या पानावरचं दुसरं काही मला वाचता आलं नव्हतं, हेही खरं आहे.

खेळाचं पुस्तक इंग्रजीत होतं आणि हत्यारांची यादी पानभर होती. तलवारींचेच इतके प्रकार होते की मी गोंधळलो. कोणता शब्द कसा उच्चारायचा ते कळेना, आणि चुकीचा उच्चारण्यापेक्षा बोट ठेवलेलं बरं असं मला तेव्हा प्रत्येक बाबतीत वाटायचं. पानाच्या कोपऱ्यात एक चित्र होतं. पावसात उभा असलेला माणूस, खांद्यावरून पायापर्यंत जाड कापड, गळ्याशी गाठ. हे मला ओळखू आलं. आमच्याकडे प्रत्येक पुरुषाच्या खांद्यावर हे असतंच. मी त्याच्यावर बोट ठेवलं.

"अबे, ये तो कपडा है," खेळ चालवणारा म्हणाला. "क्लोक. थंडीसाठी असतो. मारणार कशाने?"

"बघू," मी म्हणालो.

हा खेळ चालवणारा बीएस्सीला माझ्या प्रॅक्टिकलच्या बॅचमध्ये होता. मी कुणाशी बोलत नव्हतो आणि तो कुणाशीही बोलायचा, म्हणून आमचं जमलं. एका रविवारी तो मला घेऊन गेला. खेळ असा होता: पट नाही, सोंगट्या नाहीत. चालवणारा सांगतो की समोर काय आहे, जंगल, गुहा, राक्षस. मग प्रत्येकाने आपापलं पात्र काय करतं ते सांगायचं. जमलं की नाही ते वीस बाजूंचा एक फासा ठरवतो. वीस पडले तर फत्ते, एक पडला तर फजिती.

मला खेळापेक्षा त्यातला एक प्रश्न आवडला. पाळी आली की चालवणारा तुमच्याकडे वळायचा आणि विचारायचा, "तू काय करतोस?" मग सगळे गप्प बसून माझ्याकडे बघायचे. कॉलेजात मला रोल नंबर होता. मी राहायचो त्या उस्मानपुऱ्यातल्या खोलीत गावाकडची मुलं होती, ती जेवलास का एवढं विचारायची. घरात शिकणारा मी पहिलाच, त्यामुळे घरचे काही विचारायचेच नाहीत, फक्त अभिमानाने बघायचे. मी काय करणार आहे हे ऐकायला लोक थांबलेत, असं आयुष्यात पहिल्यांदा त्या टेबलाशी घडलं. आठवडाभर मी रविवारची वाट बघायचो.

टेबल होतं हर्सूलच्या बाजूला, एका नव्या इमारतीच्या सॅम्पल फ्लॅटमध्ये. तेव्हा एसटीच्या पाटीवर औरंगाबाद असंच लिहिलेलं असायचं, आणि कन्नडहून येताना दर महिन्याला शहर थोडं अलीकडेच सुरू व्हायचं. ज्या रानात आम्ही मेंढ्या बसवल्या होत्या तिथे चुना मारलेले प्लॉटचे दगड दिसायला लागले होते. इमारत खेळ चालवणाऱ्याच्या मामूंची. ती बांधून तयार होती, पण दुष्काळामुळे नळांना पाणी आलं नव्हतं, आणि पाणी नाही म्हणून माणसं आली नव्हती. फक्त पहिल्या मजल्यावरचा सॅम्पल फ्लॅट सजवलेला होता. मेणाची फळं, प्लास्टिक न काढलेला सोफा, भिंतीवर कुणा परक्या बाळाचा फोटो. गॅलरीतून तलाव दिसायचा, म्हणजे तलावाचा तळ. त्यात पोरं क्रिकेट खेळायची.

मामूंनी आम्हाला फुकट जागा दिली होती त्याला कारण होतं. रिकाम्या घरात गिऱ्हाईक रमत नाही, राहती माणसं दिसली की रमतं, असा त्यांचा अनुभव. म्हणून गिऱ्हाईक आलं की आम्ही फासे फळांच्या टोपलीखाली सरकवायचो आणि कुटुंब व्हायचो. पण मामूंची अट होती, चारच जणं. "मियाँ, बीवी, दो बच्चे. पाँचवा आया तो हॉस्टेल दिखता है." खुर्च्याही त्यांनी चारच ठेवल्या होत्या.

एक खुर्ची खेळ चालवणाऱ्याची, चौथी माझी. बाकी दोन खुर्च्यांवर एक आर्किटेक्चरची मुलगी आणि एक फार्मसीचा मुलगा. मुलीच्या पात्राकडे कुऱ्हाड होती, फार्मसीवाल्याकडे दोन तलवारी. मी तिला पहिल्या दिवशी ताई म्हणालो. ती म्हणाली, "ताई म्हणू नकोस, मी सेनापती आहे." तेव्हापासून मी तिला सेनापतीताई म्हणायचो. मला ते तिघेही 'कन्नड' म्हणायचे, तालुक्याच्या नावावरून.

खेळ चालवणाऱ्याचा चुलतभाऊ पुण्याहून शिकायला आला आणि प्रश्न उभा राहिला. त्यालाही खेळायचं होतं. खुर्च्या चार. मग ठरलं की ज्याचं पात्र मरेल त्याने उठायचं आणि ह्याने बसायचं. ठरलं तेव्हा तिघांनीही नकळत माझ्याकडे पाहिलं. झग्याने लढणारा माणूस किती दिवस टिकणार?

त्या दिवसापासून चुलतभाऊ दर रविवारी सोफ्यावर हेल्मेट मांडीवर घेऊन बसायला लागला. माझ्या पात्राला जखम झाली की त्याच्याखाली प्लास्टिक कुरकुरायचं.

पण मी टिकलो. मला स्वतःलाच नवल वाटायचं. मी पहिल्या लढाईत झगा डाव्या हाताला गुंडाळला आणि वार त्यावर घेतला. दुसऱ्या वेळी मशाल घेऊन धावणाऱ्यावर झगा टाकून मशाल विझवली. फार्मसीवाला खड्ड्यात पडला तेव्हा झग्याचं टोक खाली सोडलं. खेळ चालवणारा वैतागायचा, कारण पुस्तकात झग्याबद्दल एवढंच लिहिलेलं होतं की तो अंगात घालतात.

"अबे कन्नड, कपड्यात तलवार अडकते का कधी?"

"अडकते."

"साबित कर."

मी पुढच्या रविवारी माझं घोंगडं घेऊन आलो. सेनापतीताईने नकाशे आखायची तिची लांबलचक लाकडी टी-स्केल काढली आणि माझ्यावर चालून आली. मी घोंगडं फिरवलं. टी-स्केल त्यात गुरफटली, घोंगड्याचं दुसरं टोक छताच्या झुंबराला लागलं आणि झुंबरातले दोन लोलक मेणाच्या सफरचंदांवर पडले. "सुटत नाहीये रे हे!" ती ओरडली. झगा हत्यार म्हणून मान्य झाला. मामू आले, त्यांनी तुटलेलं झुंबर पाहिलं, मग सोफ्याच्या पाठीवर पडलेलं घोंगडं पाहिलं आणि म्हणाले, "ये रहने दो इधर. अँटिक लुक आता है." त्यामुळे माझं पांघरूण सॅम्पल फ्लॅटमध्ये सजावट म्हणून राहिलं आणि मी खोलीवर चादरीत झोपायला लागलो.

वडील रविवारी सकाळी फोन करायचे. दुष्काळामुळे ते मेंढ्या घेऊन साखर कारखान्याच्या बाजूला गेले होते, चाऱ्याला उसाचं वाढं मिळेल म्हणून. मी त्यांना खेळाबद्दल खरं खरं सांगितलं होतं. त्यांना ते एखाद्या नोकरीसारखं वाटलं असावं.

"काय रं, मेला का राक्षस?"

"नाय अजून. विहिरीवर बसलाय. कुणाला पाणी भरू देत नाय."

"मग?"

"माझ्याकडं घोंगडं हाय फक्त."

वडिलांच्या मागे मेंढ्या ओरडत होत्या. "वलं कर आधी," ते म्हणाले. "वलं घोंगडं लई जड पडतं. माणूस उठत नाय."

त्या रविवारी मी पाळी आल्यावर सांगितलं की मी आधी झगा ओला करतो. चालवणाऱ्याने विचारलं, पाणी कुठून आणणार? मी म्हणालो ओढ्यातून. तो म्हणाला ओढा आटलाय. मी म्हणालो गावातून. तो म्हणाला गावात टँकर परवा येणार. हे त्याच्या तोंडून सहज निघून गेलं. मग तो स्वतःच थांबला. राजे, जादूगार, उडते साप असलेल्या त्या दुनियेत टँकर कुठून आला हे त्यालाही सांगता येईना. पण एकदा बोलला म्हणून ते खरं झालं, आणि झगा कोरडाच राहिला.

मी हे वडिलांना कळवलं. "तिथंबी नाय?" ते म्हणाले, आणि त्यांना मनापासून वाईट वाटलं.

तर तो विहिरीचा राक्षस. त्याच्याशी शेवटची लढाई भर उन्हाळ्यात, दुपारी झाली. पंखा फिरत होता पण वारा गरम होता. सेनापतीताईची कुऱ्हाड मोडलेली, फार्मसीवाल्याची एक तलवार विहिरीत पडलेली, आणि माझ्या पात्राचा जीव इतका थोडा उरला होता की राक्षसाचं बोट लागलं असतं तरी संपलो असतो. सोफ्यावरचा चुलतभाऊ येताना पेढे घेऊन आला होता. कशाचे, ते कुणी विचारलं नाही.

"कन्नड, राक्षस तुझ्यासमोर आहे. तू काय करतोस?"

"झगा त्याच्या डोक्यावर टाकतो."

फासा फिरत फिरत टोपलीला अडला. वीस.

सगळे ओरडले. फार्मसीवाल्याने टेबलावर हात आपटला. राक्षस झग्यात गुरफटला, आंधळा झाला, गुडघ्यावर आला. चालवणाऱ्याने पुस्तक मिटलं आणि म्हणाला, "आता तो हलू शकत नाही. तिघं मिळून मारा."

"मी मान तोडते," सेनापतीताई म्हणाली.

"नाय," मी म्हणालो.

हे मी ठरवून म्हणालो नाही. तोंडातून आलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"नाय म्हणजे?"

"आता त्याला मारता येणार नाही. त्याच्यावर माझं पांघरूण आहे."

मला नीट सांगता आलं नाही, तरी जमेल तसं सांगितलं. मी लहान असताना दिवस मावळायच्या वेळी एक चोर आमचं कोकरू उचलायला आला होता. वडिलांनी हातातलं घोंगडं त्याच्यावर टाकून त्याला धरलं. चुलते काठ्या घेऊन धावले. आजोबांनी त्यांना अडवलं. कुणाचं घोंगडं आहे त्याच्यावर, असं विचारलं. आपलं, चुलते म्हणाले. मग तो आता आपल्या पांघरुणात आहे, त्याला हात लावायचा नाही, आजोबा म्हणाले. आमच्यात तसंच आहे, ज्याच्यावर आपलं घोंगडं घातलं त्याच्यावर हात उचलत नाहीत. चोराला दूध-भाकरी दिली. त्याने ठेचा मागून घेतला. सकाळी जाताना थंडी आहे म्हणून घोंगडंही मागायला लागला, ते मात्र आजोबांनी दिलं नाही.

"अरे पण हा राक्षस आहे!" फार्मसीवाला म्हणाला.

"ते मान्य आहे."

"अख्खं गाव तहानेनं मारलंय त्यानं!"

"ते पण मान्य आहे. मी झगा काढतो, मग मारा."

चालवणारा पुढे झुकला. तो मुद्दाम सावकाश बोलला, मला समजावं म्हणून. "सुन कन्नड. झगा काढलास तर त्याला दिसेल. सगळ्यात जवळ तू आहेस. पहिला वार तुझ्यावर. तू मरतोस. झगा ठेवलास आणि ह्यांनी मारलं तर तू वाचतोस, जिंकतोस. समझा?"

मला समजलं होतं. सोफ्यावरचं प्लास्टिकही कुरकुरलं. मला ती खुर्ची सोडायची नव्हती. सोमवार ते शनिवार मला कशासाठी काढायचे हे त्या खुर्चीमुळे कळायचं. आणि तरीही, झग्याखाली कुणीतरी आंधळा, गुडघ्यावर बसलाय आणि वरून कुऱ्हाड येतेय, हे मला डोळ्यांसमोर दिसत होतं, आणि ते माझ्या पांघरुणात होतं. खोटं आहे हे मला माहीत होतं. पण खोट्यातसुद्धा करता येईना.

"तू पांघरलं नाहीयेस, फेकलंयस," सेनापतीताई म्हणाली. ती भांडणात हुशार होती. "चोराचं वेगळं. फेकलेल्याला पांघरूण म्हणत नाहीत."

"माझ्या वडलांनी पण फेकलंच होतं."

"मैं राक्षस हूँ, मेरेकू पूछो ना कोई," चालवणारा म्हणाला. तो उठला, सोफ्याच्या पाठीवरचं अँटिक घोंगडं ओढलं आणि हॉलच्या मधोमध गुडघ्यावर बसून ते डोक्यावरून घेतलं. "मारा," तो आतून म्हणाला. "बघू पांघरूण आहे का फेकलेलं आहे."

सेनापतीताईने टी-स्केल उचलली. ती त्याच्याजवळ गेली. घोंगड्यातून एक शिंक आली. टी-स्केल वर होती ती वरच राहिली.

"मार ना," फार्मसीवाला म्हणाला.

"तू मार."

"माझी पाळी नाहीये."

तेवढ्यात दार उघडलं. मामू, एक नवराबायको, आणि त्यांच्याबरोबर एक वयस्कर आजी. त्यांना काय दिसलं असेल याचा मी अजून कधीकधी विचार करतो. भर उन्हाळ्यात घोंगडं घेऊन बसलेला कुणीतरी, त्याच्यावर लाकडी पट्टी उगारलेली मुलगी, आणि शेजारी पेढ्यांचा बॉक्स घेऊन उभा असलेला तरुण.

"हे इथले... राहणारे," मामू म्हणाले.

"ताप आलाय ह्याला," सेनापतीताई म्हणाली. टी-स्केल तिने शांतपणे भिंतीला लावून पाहिली, जणू माप घेत होती. "घाम काढतोय."

"अगं बाई," आजी म्हणाल्या आणि थेट आत आल्या. त्यांनी घोंगड्यावरून चालवणाऱ्याच्या पाठीवर हात ठेवला. "केवढा तापलाय! कोण आहे हा?"

"मोठा मुलगा," फार्मसीवाला म्हणाला. तो त्या दिवशी वडील होता.

आजींनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवा. थांबा, मीच आणते." आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या. आम्ही सगळे एकमेकांकडे बघत राहिलो. नळ फिरवल्याचा आवाज आला. मग नळातून नुसता वारा आल्याचा, लांब सुस्कारा टाकल्यासारखा.

"मोटर रिपेअरला गेलीय," मामू घाईने म्हणाले. "आजच."

"आमच्याकडची पण दोन महिने रिपेअरलाच आहे," आजींचा मुलगा म्हणाला, आणि बायकोला घेऊन बेडरूम बघायला गेला.

आजी परत आल्या. घोंगड्याच्या आतून बारीक आवाज आला, "पानी." हा आवाज राक्षसाचा नव्हता. मी माझ्या पिशवीतली बाटली काढली, घोंगड्याचं टोक उचललं आणि आत दिली. आजी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हा धाकटा गुणी आहे." मग पेढा घेतला आणि गेल्या.

दार लागल्यावर चालवणारा बाहेर आला. केस ओले, तोंड लाल, अंगाला मेंढीचा वास. तो खुर्चीवर बसला. आम्ही निकालाची वाट बघत होतो. चुलतभाऊ उभा होता.

"अंदर से लढाई नहीं होती यार," तो शेवटी म्हणाला. "बहोत अंधेरा है. और नींद आती है." त्याने पुस्तक उघडलं, मिटलं. "राक्षस झोपलाय. उठेल तेव्हा ज्याने पांघरूण घातलं त्यालाच ओळखेल. बाकी कुणी जवळ गेलं तर फाडून खाईल. विहीर मोकळी."

"म्हणजे आपण जिंकलो?" फार्मसीवाल्याने विचारलं.

"म्हणजे तो तुमच्याबरोबर येणार. पुढे. सगळीकडे." त्याने चुलतभावाकडे पाहिलं. "मेरेकू इतके लोगाँ नहीं संभलते. राक्षस तू खेल."

चुलतभाऊ इतका खूश झाला की त्याने हेल्मेटच घातलं. रंगाचा रिकामा डबा उलटा करून तो टेबलाशी बसला. आणि नेमके त्याच वेळी मामू गिऱ्हाइकाला सोडून परत आले.

त्यांनी टेबलावरची डोकी मोजली. "पाँच? चार बोला था मैं. वो अम्मा नीचे पूछ रही थी, कितने भाई हैं. एक उठो."

कुणी काही म्हणायच्या आत मी खुर्ची मागे सरकवली. मला वाटलं हे माझ्यासाठीच आहे. कुठेही माणसं जास्त झाली की मी उठायचो, बसमध्ये, वर्गात, मेसमध्ये. मला ते कुणी सांगावं लागायचं नाही.

"तू कुठं निघालास?" सेनापतीताई म्हणाली.

"पाच झालो ना."

"बस खाली. राक्षस उठला तर त्याच्याजवळ कोण जाणार, मी? मला फाडून खाईल तो."

"मलापण," फार्मसीवाला म्हणाला. त्याने माझी खुर्ची पायाने पुढे ढकलली. "मामू, ह्याला उठवता येत नाही. नियम आहे."

मामूंनी भाच्याकडे पाहिलं. भाच्याने गंभीरपणे मान हलवली. इमारती बांधणाऱ्या माणसाला कधी हटायचं ते कळत असावं. "ठीक है," ते म्हणाले. "जॉइंट फॅमिली बोल दूँगा. गाँव से मेहमान आए हैं." जाताना त्यांनी एक पेढा घेतला.

मी बसलो. उजव्या बाजूला हेल्मेट घातलेला राक्षस डोळे चोळत होता. खेळ चालवणाऱ्याने त्याला विचारलं, जागा झाल्यावर तू काय करतोस. तो म्हणाला, भूक लागलीय. मी माझा कागद पाहिला. माझ्या पात्राच्या शिदोरीत एकच भाकरी उरलेली होती. मी ती खोडली आणि त्याच्या कागदावर लिहायला घेतली. सेनापतीताई म्हणाली, "अर्धी दे रे, आपल्याला अजून डोंगर चढायचाय," पण तोवर राक्षस म्हणाला होता की ठेचा असेल तर बरं.